गोळी आधी, जेवण शेवटी

आई,

तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी यथाविधी मांडणार आहे. विषय, लिंबाचं लोणचं. आरोप, बिया. लिंबं चिरताना तू बिया काढत नव्हतीस. हे मी तुझ्या हयातीत वारंवार तुझ्या निदर्शनास आणून दिलं होतं, आणि दर वेळी तू "बी लागली तर काढून ठेवायची, देवानं बोटं कशाला दिलीत" असा निकाल देऊन प्रकरण मिटवलं होतंस. ते आता पुन्हा उघडावं लागतंय, कारण तुझ्या धाकट्या लेकीनं ही परंपरा अखंडित चालू ठेवली आहे. रविवारी तिच्याकडे भोईवाड्यात जेवायला गेलो होतो. वरणभाताबरोबर लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि दाढेत अशी काही कळ गेली की शाळेत पोरांकडून शब्दांची रूपं घोकून घेणारा मी गंभीर गृहस्थ भर पाटावर "आई गं" म्हणालो. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालं हो, भाऊ?" मी म्हटलं, "काही नाही, माहेरची आठवण झाली." सगळे हसले. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होती, तीही हसली. निदान हसायला गेली. ओठांचे कोपरे वर जायचे ते सरळच राहिले, आणि माझ्या तोंडातला घास तिथेच थांबला.

लोणच्याचं प्रकरण एवढंच. पुढचं प्रकरण असं की धाकटीच्या रक्तात तेच निघालंय जे तुझ्या रक्तात निघालं होतं. तोच रक्ताचा कॅन्सर, सावकाश चालणारा, पांढऱ्या पेशी वाढत जाणारा. मानेत तशाच गाठी. तिचे डॉक्टर म्हणतात, घाई नाही, या आजाराची माणसं वर्षानुवर्षं काढतात, आपण नजर ठेवू. हे सगळं मी शांतपणे ऐकून घेतलं. पण गेल्या पंधरवड्यात ती मला सहज म्हणाली, "भाऊ, पोळी चावता चावता जबडा भरून येतो रे." तेव्हापासून मी शांत नाही. डॉक्टरांकडे एकटाच गेलो आणि तुझी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्ताचा हा कॅन्सर आणि स्नायू थकवणारं ते दुसरं दुखणं, दोन्ही आजार एकाच माणसात असल्याचं त्यांनी वाचलंय फक्त, पाहिलेलं नाही म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावून दिलं ते तुझ्या वेळी कोणालाच सांगता आलं नव्हतं. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमधून स्नायूपर्यंत येतो, आणि स्नायूच्या दाराशी तो घ्यायची एक जागा असते. रक्तातल्या ज्या पेशींनी परक्याशी लढायचं, त्यांचं तंत्र बिघडलं की कधीकधी त्या आपल्याच दारावर पहारा बसवतात. पहिला हुकूम आत शिरतो, नंतरचा निम्मा, त्यानंतरचे बाहेरच्या बाहेर परत. म्हणून सकाळी माणूस धड असतो आणि काम करता करता त्याचं अंग त्याचं ऐकेनासं होतं. "आळस नाही, नखरे नाहीत, नुसता थकवाही नाही," ते म्हणाले. तुझ्या थकव्याला नावं ठेवणाऱ्या आत्याला मला हे ऐकवायचं होतं. तीही आता नाही. तेव्हा रागवायला उरलीस तू.

गिरगावातलं ते स्वयंपाकघर मला अजून इंचाइंचानं दिसतं. उजव्या हाताला मोरी, समोर शेगडी, शेजारी ज्याची पिन नेहमी हरवायची तो स्टोव्ह, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पाट. अण्णांचा पितळी फुल्यांचा, माझा (धाकटी तेव्हा एवढीशी, माझ्याच पाटावर जेवून झोपी जायची), पाहुण्यांचे दोन. तुझा नव्हताच. तू जमिनीवर बसायचीस, तेही सगळे उठून गेल्यावर, ताटं एकात एक सरकवून, शेगडीकडे तोंड करून. बाहेरच्या खोलीत तेव्हा रोज संध्याकाळी वाडीतल्या समितीची बैठक. अण्णा फोर्टातल्या कचेरीतून आले की शर्ट न बदलता बसायचे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या घरात इतक्या वेळा आणि इतक्या जोरात म्हटलं जायचं की खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल त्या तालावर झोपायला शिकलं होतं. चहाचे कप तू भरायचीस, मी नेऊन द्यायचो. तुझ्या गाठींसाठी परळच्या एका इस्पितळात विजेचा शेक, किरणांचा, चालू होता, तो तुला मानवला होता. गाठी उतरल्या, रंग परत आला. "रक्ताचं काय, आपलंच आहे, ओरडून गप्प बसेल," असं म्हणायचीस.

मग पापण्या. संध्याकाळी दिवे लागले की तुझी डावी पापणी खाली यायची, मागोमाग उजवी. आत्या म्हणायची, "वहिनी, झोपेत पोळ्या लाटतेस की काय?" तू मान मागे टाकून, पापण्यांच्या फटीतून बघत लाटायचीस. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू एकदा हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या आणि घरी जाऊन सांगत बसल्या की हिनं माझ्याकडे बघून तोंड वेडावलं. तू हसली होतीस. तुझं हसू तेव्हा तसं दिसायचं. आवाज तर सकाळी खणखणीत असायचा आणि रात्रीच्या जेवणापर्यंत नाकातून यायला लागायचा. गॅलरीतून तू मला हाक मारलीस की खाली माझे मित्र म्हणायचे, "अरे, तुझ्या आईला बारमाही सर्दी आहे काय रे?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. अण्णा म्हणायचे, "दमलीय." आत्या म्हणायची, "आम्ही नाही बाई दमलो कधी." आणि इस्पितळात? इस्पितळ सकाळचं. तू पहाटे न्हाऊन, घडीचं लुगडं नेसून, वाटेत एक अक्षर न बोलता, ट्राममध्ये डोळे मिटून बसून, बाकावर विसावा घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहायचीस. परक्या माणसासमोर गळाठलेलं दिसायचं नाही, हा तुझा बाणा. त्यांना दिसायची एक ताठ, टापटीप, स्वच्छ बोलणारी बाई. "संध्याकाळी थोडं जड होतं" एवढंच तू सांगायचीस, आणि ते म्हणायचे, रक्ताच्या आजारात अशक्तपणा यायचाच. झालं! जे काही होईल ते रक्ताच्या माथी. मला आज राग येतो तो त्या साहेबांच्या अज्ञानाचा नाही. ज्या दुखण्याला दिवस मावळताना यायची खोड आहे, त्याला तुम्ही सकाळी आठला तपासून पुढची तारीख देता, आणि ती बाई तुम्हाला नमस्कार करून निघते, याचा येतो.

आणि मग ते बंदचं प्रकरण. आपण दोघं पहिल्या ट्रामनं परळला पोचतो, शेक होतो, आणि बाहेर येऊन बघतो तर रस्ता रिकामा, दुकानांची दारं ओढलेली, लालबागच्या बाजूनं घोषणा. ट्राम बंद. गोळीबाराच्या बातम्या येताहेत, खऱ्या किती नि खोट्या किती कोण जाणे. दरवान म्हणतो, "आजीबाईंना घेऊन कुठं निघालास? बस आत." तू त्याही स्थितीत मला विचारतेस, "मी आजीबाई दिसते काय रे?" दिवसभर आपण त्या व्हरांड्यात. संध्याकाळी अडकलेल्या लोकांना इस्पितळातूनच ताटं येतात. तू ताट मांडीवर घेतेस आणि मला म्हणतेस, "तू आधी जेव." मी जेवतो. "आता तू जा, बघ काही गाडी मिळते का." मी उठतो, आणि वळून बघतो तो पाळीवरच्या एक डॉक्टरीणबाई तुझ्यासमोर थांबलेल्या. तरुण होत्या, बाराखडी शिकवावी तशा एकेक शब्द सुटा बोलायच्या. तू भिंतीकडे तोंड करून चावत होतीस आणि डाव्या हाताच्या मुठीनं हनुवटी वर ढकलत होतीस. एकदा चावायचं, एकदा ढकलायचं.

"किती दिवस असं करता?"

"असंच चालतं हो," तू म्हणालीस. नाकातून.

त्या माझ्याकडे वळल्या. "आई जेवताना घरी तुम्ही बघत असालच?"

मी तुझ्याकडे बघितलं.

"मग वडील? दुसरं कोणी?"

आई, संस्कृतात मी कॉलेजात पहिला आलो होतो. हे मात्र मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं. आपल्या घरात तुला जेवताना कोणीच कधी बघितलं नव्हतं. बघायची पद्धतच नव्हती. तुझं दुखणं दिवसाच्या ज्या घटकेला सगळ्यात उघडं पडायचं, त्याच घटकेला तू घरात एकटी असायचीस.

त्यांनी तुला छताकडे बघायला लावलं. तू बघत राहिलीस आणि पापण्या हळूहळू उतरल्या. आकडे म्हणायला लावले, विशी ओलांडताना आवाज विझला. मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी बघत होतो म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. थोड्याच वेळात तुझे डोळे उघडले, पूर्ण उघडले, कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते इतके, आणि तू वर बघून खणखणीत आवाजात म्हणालीस, "अगंबाई, पंखा एकच आहे की!" इतके दिवस तुला दोन दिसत होते, आणि तू ते कोणाला सांगितलं नव्हतंस. मग तू ते गार झालेलं ताट समोर ओढलंस आणि सगळं जेवलीस. हात हनुवटीला न लावता. तुला पोटभर जेवताना मी प्रथम पाहिलं ते तिथे, परक्यांच्या व्हरांड्यात, शहर पेटलेलं असताना.

दुसऱ्या दिवशी अण्णा गिरगावातून चालत आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, मी शेजारी उभा होतो. आता या दुखण्यावर गोळी आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासानं ताकद येते आणि तीनचार तासांत उतरते. काम केलं की त्याआधीच उतरते. ताकद असेतोवर जेवायचं, तेही विसावलेल्या अंगानं. म्हणजे यांनी घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं, वाढायला उभं राहायचं नाही. घास पोटाऐवजी छातीत गेला, तर यांच्या रक्तात रोगाशी लढायची शक्ती नाही. रक्ताचा आजार यांना वर्षानुवर्षं जगू देईल, एक चुकलेला घास देणार नाही. इतकं स्वच्छ सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "बरं."

आणि अण्णांनी काय केलं? घड्याळ आणलं. गजराचं, पाठीवर दोन घंटा असलेलं, आपल्या घरातली तोवरची सर्वांत दिमाखदार वस्तू. तुला भेट म्हणून. ते फडताळावर बसलं आणि जेवणाआधी वाजायला लागलं, आणि सगळ्या वाडीला कळायला लागलं की काकूंच्या गोळीची वेळ झाली. बैठकीला आलेले लोक कौतुकानं म्हणायचे, "वा, काय व्यवस्था ठेवलीय!" गोळी तू वेळेवर घ्यायचीस, त्यात एकदा चूक नाही. आणि गोळी घेऊन वाढायला उभी राहायचीस! औषधानं आलेली सगळी ताकद आमच्या पोळ्या लाटण्यात, आमची आमटी ऊन करण्यात, अण्णांना "आणखी थोडा भात?" विचारण्यात खर्च व्हायची, आणि ती उतरली की तू जेवायला बसायचीस. मी बसूनबसून हिशेब करतो आणि मला हसू येतं, आई. इतकी शिस्तीत केलेली मूर्खपणाची गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

पहिल्या दिवशी प्रयत्न झाला, ते नाकारत नाही. अण्णांनी आपला पाट मांडून तुला बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले, सभेत अध्यक्षांच्या मागे उभे राहायचे तसे. आत्या पदर सारखा करून गॅलरीत जाऊन उभी राहिली. तू दोन घास घेतलेस आणि ताट झाकलंस. "मला नाही जात. सगळे उभे नि मी गिळतेय." दुसऱ्या दिवशी मी भडकलो. बाहेर बैठकीची माणसं होती तरी ओरडलो, "आधी तू जेव, नाहीतर मी जेवणार नाही!" आणि तू, त्या गोळीनं आलेल्या धारदार आवाजात, मला झापलंस. "दारी चार माणसं आलीत आणि तू माझी शोभा करतोस? वन्सं एवढ्या लहानपणी विधवा झाल्या, जन्मभर एकवेळ जेवल्या, त्यांच्यासमोर मी आधी बसू? ऊठ, पानं घे." मी पानं घेतली. मग हळूहळू असं ठरलं की पुरुषांचं लवकर उरकायचं, म्हणजे तुला फार उशीर होणार नाही. कोणी ठरवलं ते आठवत नाही. असल्या गोष्टी आपल्याकडे कोणी ठरवत नाही. त्या ठरतात. बाहेरच्या खोलीत अण्णा बेळगाव-कारवारच्या एकेका गावासाठी आवाज बसेपर्यंत बोलायचे, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले, हार घालून घेतले. त्या माणसाला स्वयंपाकघरातला एक पाट हातभर सरकवता आला नाही. आत्याशी चार शब्द बोलायचे होते फक्त. ते म्हणायचे, "बघतो, बोलतो."

महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी दुपारी आपल्याकडे पंगत होती. समितीची सगळी माणसं, गॅलरीपर्यंत पानं. पुरणपोळी तुझा हट्ट. बारा वाजता गजर झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी "काकूंच्या गोळीचा विजय असो" म्हणालं. तू हसलीस, ते हसू नीट उमटलं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. भाषणं जेवता जेवताच. तू तूप वाढत फिरत होतीस, आणि मी पाहिलं की तू मान मागे टाकून बघायला लागली आहेस. मी म्हटलं, "आई, बस आता." "ही एवढी पंगत उठू दे." पंगत उठली, विडे झाले, बाहेर पोवाडा सुरू झाला. मग आतून ठसका ऐकू आला. मोठा नव्हता. तुझ्यात मोठा ठसका काढायची ताकद उरली नव्हती. मी आत गेलो तेव्हा पुरणपोळीवरचं दूध तुझ्या नाकातून येत होतं, आणि तू हातानं खूण करत होतीस की दार लाव, बाहेर माणसं आहेत.

त्या आठवड्यात ताप, न्यूमोनिया, परळची खाट, आणि मग तू नाहीस. भेटायला आलेल्यांना आत्या सांगायची, रक्ताच्या कॅन्सरनं गेली. अण्णांनीही तेच सांगितलं, आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बघून एकदा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

तुझ्यावर रागवायचं कारण सांगतो. तू आत्याला भीत नव्हतीस. अण्णांना तर मुळीच नाही, त्यांच्या भाषणातल्या चुका तू पोळ्या लाटता लाटता काढायचीस. सुईला भ्यायली नाहीस, शेकाला भ्यायली नाहीस. तुला पहिल्या घासाची लाज वाटत होती. तुला नक्की माहीत होतं की काय होऊ शकतं, डॉक्टरीणबाईंनी तुलाही सांगितलं होतं, आणि तरी तू रोज ती गोळी घेऊन आमच्यासाठी उभी राहिलीस, आणि वर लोकांनी तुला अन्नपूर्णा म्हटलं. मला त्या शब्दाचा वीट आलाय. वर्गात आला की मी पोरांना तो वगळून पुढचा वाचायला सांगतो.

रविवारी मी धाकटीला म्हटलं, "तू बस ना आमच्याबरोबर." ती म्हणाली, "भाऊ, तुझं आपलं काहीतरीच. मला मागून निवांत जेवायला आवडतं." तिच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमची सूनबाई अगदी जुन्या वळणाची हो." मी मान डोलावली. मी तिथे सुनेचा भाऊ. मला मानाचा पाट, पहिली वाढ आणि लोणच्याची मोठी फोड. ती कधी जेवते, कशी जेवते, हे बघायला त्या घरात मला जागा नाही. उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय, आणि मुद्दाम संध्याकाळची वेळ मागून घेतली आहे. आता औषधं पुष्कळ झाली आहेत. ते पापण्या बघतील, इंजेक्शन देऊन बघतील. मला जे वाटतंय ते खरं निघालं तर गोळ्या देतील आणि सांगतील, आधी जेवा. इतपत सगळं त्यांच्या हातात आहे.

त्यानंतरचं माझ्या हातात आहे. तिच्या सासूबाईंशी बोलायला हवं. रविवारपासून रोज ठरवतो, आज तर भोईवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. एवढं सगळं तुला ऐकवलं, पण खरं सांगू? मला त्या बाईंची भीती वाटते. वाईट नाहीत, प्रेमळ आहेत, तिला जपतात. नाही म्हणाल्या तर भांडता येईल, भांडायची माझी तयारी आहे. पण त्या नाही म्हणणार नाहीत गं. त्या अण्णांसारख्याच 'बरं' म्हणतील.